‘शॅल’ आणि ‘मे’



इंग्रजींतील ‘शॅल’ आणि ‘मे’ हीं दोन सहायक क्रियापदें आपण शाळेंत शिकलों आणि परीक्षेनंतर विसरलों. परंतु भाडेपट्टा हातीं आला, कीं त्यांची आठवण ठेवावी लागते. भाडेकरूनें मुदतीअखेर जागा सोडलीच पाहिजे, हा ‘शॅल’चा अर्थ; सोडण्याची त्यास मुभा आहे, हा ‘मे’चा. एवढ्याशा शब्दानें बिऱ्हाड उठतें किंवा राहतें.

हा भेद मुळांतलाच आहे. जुन्या इंग्रजींत ‘शॅल’चा अर्थ ‘मी देणें लागतों’ असा होता. ऋण व दोष या अर्थांचा जर्मन ‘शुल्ड’ त्याचाच भाऊबंद. ‘मे’चा मूळ अर्थ अंगीं बळ असणें.

‘मे’ थोडा फसवा आहे. ‘ही मे गो’ म्हणजे त्यानें जाण्यास हरकत नाहीं, किंवा तो कदाचित् जाईल. प्रसंग पाहून ठरवावें. नकार जोडला, कीं आणखी गंमत. कायद्यांत ‘शॅल नॉट’ ही मनाई, आणि ‘मे नॉट’ हीही बहुधा मनाईच!

या दोघांची खरी कामगिरी पाहावयाची, तर आपल्या राज्यघटनेचें ७४ वें कलम इंग्रजींतून वाचावें. १९५० सालीं त्यांत राष्ट्रपतींस साह्य व सल्ला देण्यासाठीं मंत्रिपरिषद असेल, एवढेंच होतें. सल्ला मानावा, हा संकेत होता, शब्द नव्हता. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें तेथें ‘शॅल’ घातला: राष्ट्रपतींनीं सल्ल्याप्रमाणेंच वागावें. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें एक ‘मे’ दिला: फेरविचार करण्यास त्यांना सांगतां येईल. मात्र फेरविचारानंतर येणाऱ्या सल्ल्यापुढें पुन्हां ‘शॅल’च उभा आहे.

तरी ‘शॅल’ दिसला म्हणून निश्चिंत राहूं नये. सरकारी नोकराच्या शिस्तभंगाच्या प्रकरणीं लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, असें ३२० वें कलम ‘शॅल’ वापरूनच सांगतें. सल्ला नीट घेतला नाहीं म्हणून एक नोकर न्यायालयांत गेला. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही तरतूद बंधनकारक नसल्याचा निर्णय दिला, आणि त्याची शिक्षा कायम राहिली.

मराठी कायद्यांत ‘मे’साठीं ‘करतां येईल’ आणि ‘शॅल’साठीं बहुधा ‘करील’ योजतात. पहिलें मला पसंत आहे. दुसरें दुबळें वाटतें. ‘उद्यां गवळी दूध आणील’ यांतही तोच प्रत्यय आहे, आणि त्यानें गवळ्यावर कसलें बंधन पडतें? तेथें सरळ ‘केलें पाहिजे’ लिहिण्यास कोणती अडचण आहे, तें मला आजवर उमगलेलें नाहीं.