पेला भरणारे यंत्रहात

‘क्वांटम ऑफ द सीज’ हे प्रवासी जहाज २०१४ साली समुद्रात उतरलं, तेव्हा त्यावरच्या एका बारमध्ये माणसाऐवजी दोन यंत्रहात पेले भरत होते. ही यंत्रणा बनवली इटलीतल्या तुरीनच्या ‘मेकर शेकर’ कंपनीनं. बाटल्या छताला उलट्या टांगलेल्या. पाहुण्यानं टॅब्लेटवर मागणी नोंदवली की हात वर जातो, शेकर बाटलीच्या तोंडाशी धरतो, मोजून तेवढंच घेतो, खळखळवतो आणि पेल्यात ओततो. या हालचाली बसवल्या त्या इटालियन बॅले नर्तक रोबेर्तो बोले याच्या हालचालींवरून. गिऱ्हाईक पेयाइतकेच पैसे तमाशालाही मोजतं, हे निर्मात्यांनी बरोबर हेरलं! मापाला हा गडी पक्का. पण एखाद्याला जास्त झाली, हे ओळखून ‘आता पुरे’ म्हणायला मात्र जवळ माणूसच हवा.