जाणता वाचक

बेंगळुरू शहराच्या काही भागांत ‘हमाम’ नावाची स्नानगृहे असत. चुलीवर तापविलेले पाणी, पैसे देऊन अंघोळ करून जाणारी गिऱ्हाइके आणि त्याच छपराखाली नांदणारे, हमाम चालविणाऱ्या हिजड्यांचे घर. अनेक ठिकाणी देहविक्रयही तेथेच चाले. परंतु घर ते घरच. गुरू, तिच्या चेल्या, गुरूची गुरू ती नानी. ही नाती रक्ताची नव्हेत, तरी मानपान आणि शिस्त यांचे नियम एखाद्या जुन्या एकत्र कुटुंबाइतकेच काटेकोर.

अशा घरावर एखादा मराठी लेखक कथा लिहावयास बसला आहे, अशी कल्पना करावी. टाळी, भडक साडी आणि चौकात पुढे आलेला हात एवढीच त्याच्या निरीक्षणाची शिदोरी आहे. नायिका स्वतःची हकीकत सांगते अशी त्याची योजना. पण पहिल्याच वाक्यापाशी लेखणी अडते. कानडीत ‘नानु होदे’ म्हटले की जाणारा पुरुष की स्त्री हे क्रियापद सांगत नाही. तमिळमध्येही बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदावरून उमगत नाही. मराठी मात्र विलक्षण चौकस भाषा! ‘मी गेलो’ म्हणावे, नाही तर ‘मी गेले’. ‘मी शाळेत जात असे’ अशी पळवाट चार वाक्ये पुरते, पाचव्या वाक्याला उघडी पडते. मुलगा म्हणून वाढविल्या गेलेल्या व्यक्तीने आपल्या बालपणाविषयी काय म्हणावे, हे कोणत्या व्याकरणात पाहावयाचे? तेथे कोणाला तरी विचारावेच लागते.

हे विचारणे म्हणजेच प्रस्तुतचा विषय होय. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात, विशेषतः बालकुमारांच्या पुस्तकांच्या बाबतीत, गेल्या काही वर्षांत ‘सेन्सिटिव्हिटी रीडर’ नेमण्याचा प्रघात पडला आहे. ज्या समाजाचे चित्रण करावयाचे, त्यातील जाणत्या माणसास हस्तलिखित छापण्यापूर्वी दाखवावयाचे आणि त्याच्या श्रमाचे मोल द्यावयाचे. 2023 साली रोआल्ड डाल या दिवंगत लेखकाच्या बालपुस्तकांतील शब्द नव्या आवृत्त्यांत बदलल्यावरून इंग्लंडात मोठे वादळ उठले आणि प्रकाशकांस मूळ पाठही छापीत राहू असे जाहीर करावे लागले. पण लेखकाच्या पश्चात त्याचे शब्द बदलणे वेगळे आणि हयात लेखकाने आपणहून आपले अज्ञान तपासून घेणे वेगळे. पहिल्यावरील राग दुसऱ्यावर काढणे न्याय्य नव्हे.

बेंगळुरूत अशा जाणत्या व्यक्तीचे उदाहरण शोधावे लागत नाही. तमिळनाडूतील नामक्कल भागातून आलेल्या ए. रेवती या हमामातही राहिल्या आणि पुढे ‘संगमा’ या संस्थेत काम करू लागल्या. त्यांनी प्रथम हिजड्यांच्या जीवनकथा त्यांच्याच शब्दांत गोळा केल्या. ते तमिळ पुस्तक 2004 साली निघाले. त्यांचे आत्मकथन व्ही. गीता यांच्या इंग्रजी अनुवादातून 2010 साली आणि तमिळमध्ये त्यानंतर वाचकांपुढे आले. मराठीत शिवीसारखा वापरला जाणारा ‘हिजडा’ हा शब्द त्या स्वतःसाठी ताठ मानेने वापरतात. सभ्य पर्याय शोधीत बसणाऱ्या लेखकाने एवढी एक गोष्ट ध्यानी घेतली तरी त्याची बरीच पाने सुधारतील.

तथापि एक वाचक म्हणजे सारा समाज नव्हे. सौंदत्तीच्या यल्लम्मेचे जोगते, कानडीतले जोगप्पा, यांची रीत हमामातील गुरुघराहून निराळी आहे. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून व त्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ या 2009 च्या चित्रपटातून ते जग मराठी वाचक-प्रेक्षकांस परिचित झाले. देवीला सोडलेल्या माणसाच्या कथेवर हमामातील चेलीचा अभिप्राय घेणे म्हणजे पंढरीच्या वाटेची चौकशी काशीच्या पंड्याकडे करण्यासारखेच! शिवाय जाणता वाचकही माणूसच. घरातील भांडणे, गुरूचा जाच झाकण्याचा मोह त्यालाही होणार. तेथे ऐकून घ्यावे, पण काय ठेवावयाचे ते लेखकानेच ठरवावे. कथेखाली नाव त्याचे असते.

मोबदला आधी ठरवावा, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. ‘तुमचीच कथा, तुम्हांला पैसे कशाला?’ असे म्हणणारे सज्जन पुष्कळ आहेत. ऋणनिर्देशात नाव घालावयाचे तेही विचारूनच. काहींना ते नको असते, आणि त्यांची कारणे त्यांच्यापाशी.

राहता राहिली एक व्यावहारिक अडचण. बेंगळुरूतील अशी वाचक बहुधा मराठी वाचणारी नसणार. लेखकाला तिच्यापाशी बसून मजकूर कानडीत नाही तर तमिळमध्ये सांगावा लागेल. त्या सांगण्यात ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांतला भेद नाहीसाच होईल आणि ती मान हलवून ‘बरोबर आहे, पुढे सांगा’ म्हणेल. लेखकाने तेथेच थांबावे, मराठीची ही खोड तिला समजावून द्यावी आणि बालपणाचे ते पहिले वाक्य कसे लिहू, हे तिला निराळे विचारावे.