खेळातला एप आणि रानातला एप



करमाळ्याच्या या व्याख्यानमालेत एरवी इतिहास, शेती, संतसाहित्य असे विषय येतात. आज मी मुलांच्या एका खेळावर आणि त्या खेळात येणाऱ्या एपांवर बोलणार आहे. एप म्हणजे गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान आणि गिबन, हे बिनशेपटीचे, माणसाला सर्वांत जवळचे प्राणी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खऱ्या प्राण्यावरून खेळातला प्राणी घडवायचा असेल, तर त्याचं वागणं घ्यावं. नुसतं बळ वाढवून आणि दात लांब करून जो तयार होतो, त्याने खेळही फिका होतो आणि त्या प्राण्यावर अन्यायही होतो.

प्रथम खेळ काय आहे ते पाहू. चार-सहा जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. लळितात जशी सोंगं येतात आणि आपापलं बोलून जातात तशीच ही पात्रं. फरक एवढाच की इथे पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नसतं, कारण अवघड प्रसंगी फासे टाकून निकाल लागतो. या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 मध्ये आणला. आज आपल्याकडची कॉलेजची मुलंही तो खेळतात.

या खेळात प्रत्येक प्राण्याचं एक टिपण असतं. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, समज आणि छाप असे सहा गुण, प्रत्येकाला आकडा. साधारण माणसाचा आकडा 10. खेळाच्या पाचव्या आवृत्तीतल्या एपाला बळ 16 आणि बुद्धी 6 दिली आहे. तो करतो काय? दोन गुद्दे मारतो आणि दगड फेकतो. त्याचा थोरला भाऊ म्हणजे महाकाय एप. त्याचं बळ 23, बुद्धी 7, आणि तो करतो तेच: दोन गुद्दे, एक दगड. आकडे वाढले, प्राणी तोच राहिला.

असा एप कुठून आला ते बघण्यासारखं आहे. 1861 मध्ये पॉल दु शायू या प्रवाशाचं आफ्रिकेवरचं पुस्तक निघालं. त्यात गोरिला म्हणजे साक्षात सैतान, असं चित्र होतं. 1933 मध्ये ‘किंग काँग’ हा चित्रपट आला आणि ते चित्र जगभर गेलं. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या खेळाच्या ग्रंथात गोरिलाशेजारी चक्क मांसाहारी एप दाखल झाला. 2000 साली चार हातांचा पांढरा ‘गिरॅलॉन’ आला. तसले चार हातांचे पांढरे एप एडगर राइस बरोज यांच्या मंगळावरच्या कादंबऱ्यांत त्याच्या कितीतरी आधी होते. म्हणजे खेळवाल्यांनी प्राणी पाहून प्राणी घडवला नाही. एका भीतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी ही वंशावळ आहे.

हे फक्त परदेशातच घडतं असं समजू नका. 2021 मध्ये बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर आणि छपरांवर नेऊ लागली. उंचावर नेलेलं पिल्लू पडून किंवा आईच्या दुधावाचून मरतं, तशी पिल्लं मेली. पण बातमी काय झाली? वानरांनी कुत्र्यांवर सूड उगवला, अडीचशे पिल्लं मारली, टोळीयुद्ध पेटलं! ही बातमी जगभर फिरली. वनखात्याने प्रत्यक्षात पकडली ती दोन वानरं. या दोन जनावरांची सेना करायला आपल्याला वेळ लागला नाही.

भीती खोटी असते असं मी म्हणत नाही. 2020 च्या डिसेंबरात बिबट्याने आपल्या करमाळा तालुक्यात माणसं मारली. तेव्हा रात्री उसाला पाणी द्यायला जाणं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ज्याची भीती वाटते त्याच्या वागण्याची माहिती असली तर माणूस सावध राहतो. माहिती नसली तर तो नुसता घाबरतो. खेळ ही माहिती देण्याची फार चांगली जागा आहे.

आता खरे एप घेऊ. 1959 मध्ये जॉर्ज शॅलर पर्वतीय गोरिलांच्या अभ्यासाला गेले. गोरिलाच्या धमकीचे त्यांनी नऊ टप्पे नोंदवले: हुंकार, पाला तोंडात धरणं, उभं राहणं, पाला उधळणं, छाती बडवणं, पाय झाडणं, आडवं धावणं, झुडपं ओरबाडणं आणि शेवटी जमिनीवर थाप. या नऊ टप्प्यांत दगड नाही, आणि मारामारीही नाही. हा सगळा खटाटोप मारामारी टाळण्यासाठी असतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मोठ्या नराच्या छातीचा आवाज जास्त खर्जातला असतो. ऐकणाऱ्याला लांबूनच अंदाज येतो आणि तो वाट बदलतो. यावरून खेळाचा नियम करा. गोरिला समोर आला की सूत्रधाराने एकेक टप्पा सांगत जावं. ज्याने मान खाली घातली आणि सावकाश मागे सरला, तो फासा न टाकता सुटला. जो पळाला किंवा ज्याने शस्त्र उचललं, त्याची मात्र खैर नाही. असा प्रसंग दहा गुद्द्यांपेक्षा जास्त थरारक होतो, हे खेळून पाहा.

चिंपांझीचं वेगळं आहे. जेन गुडॉल यांनी 1960 मध्ये टांझानियातल्या गोंबे इथे त्याला काडी घालून वाळवी काढताना पाहिलं. त्याच गोंबेत 1974 ते 1978 या काळात एका टोळीच्या नरांनी दुसऱ्या टोळीचे नर एकेक करून संपवले. आपली संख्या जास्त आहे याची खात्री असेल तेव्हाच ते तुटून पडतात. म्हणून खेळातल्या चिंपांझीची खरी ताकद त्याच्या बळाच्या आकड्यात लिहून भागणार नाही. ती ‘आत्ता सोबत कितीजण आहेत’ या प्रश्नात लिहावी.

ओरांगउटानला वैद्य करा. सुमात्रातल्या राकुस नावाच्या नराच्या गालाला 2022 मध्ये जखम झाली. त्याने एका औषधी वेलीची पानं चघळली, रस जखमेवर लावला, चोथ्याचा लेप दिला, आणि जखम भरून आली. संशोधकांनी 2024 मध्ये हे प्रसिद्ध केलं. पात्रांपैकी कुणी जखमी असेल, तर या अबोल वैद्याचा माग काढून तो कोणती पानं तोडतो ते धीराने पाहावं लागेल, असा प्रसंग रचता येतो.

गिबन तर आपल्याच देशात आहे. भारतातला हा एकमेव एप. आसामात जोरहाटजवळच्या होल्लोंगापार अभयारण्यात हुलॉक गिबन झाडांच्या शेंड्यांवरून हातांनी झोके घेत फिरतो, जमिनीवर क्वचितच उतरतो, आणि नर-मादी मिळून सकाळी गातात. त्या अभयारण्यातून रेल्वेमार्ग गेला आहे. रुळांच्या दोन बाजूंची झाडं एकमेकांना सहसा भिडत नाहीत, म्हणून इकडच्या कुटुंबाला तिकडे जाणं अवघड होतं. मुलांना कामगिरी द्या: ही दोन रानं जोडा. यात मारायला कुणीच नाही, तरी जिंकणं अवघड आहे.

आता करमाळ्यासाठी एक प्राणी घडवू. आपल्याकडे घनदाट जंगल नाही, माळरान आहे. मग एप कसा आणायचा? आफ्रिकेत सेनेगलमधल्या फोंगोली इथे चिंपांझी अशाच तापलेल्या, विरळ झाडीच्या मुलखात राहतात. दुपारी ते गुहेत सावलीला बसतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला साचलेल्या डबक्यात उतरून अंग गार करतात. ते फांदीचं टोक दातांनी अणकुचीदार करून झाडाच्या ढोलीतल्या लहान प्राण्याची शिकार करतात, आणि त्यात माद्या पुढे असतात. 2007 मध्ये हे जगापुढे आलं.

हा प्राणी आपल्या कमलाभवानी मंदिराच्या 96 पायऱ्यांच्या बारवेत आणून बसवा. गोष्टीतला उन्हाळा, गावची आडं आटलेली, पाणी उरलंय ते एवढ्या बारवेत. भर दुपारी टोळी पाण्यात गळ्यापर्यंत बसली आहे, पायऱ्यांवर माद्या काठ्या तासत आहेत. आता नियम लिहू. पहिला, टोळी दुपारी लढत नाही, पण पाण्यातून हलतही नाही. दुसरा, काठी शिकारीसाठी आहे, माणसावर उगारायला नाही. तिसरा, एखाद्या पिल्लाला हात लावला तर वरचे दोन्ही नियम रद्द. चौथा, ज्याने एकदा दगा दिला त्याचा चेहरा टोळी विसरत नाही. गावाला पाणी हवं आहे आणि टोळीलाही. उजनी धरणाचा फुगवटा एका अंगाला आणि उन्हाळ्यातला टँकर दुसऱ्या अंगाला, अशा तालुक्यातल्या मुलांना हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. पाण्याची पाळी ठरवणं त्यांनी घरी पाहिलेलं असतं. ते तलवार उपसण्याआधी वेळा वाटून घेतील, अशी मला खात्री आहे.

आणि आपला वानर? तो एप नाही, त्याला शेपूट आहे, पण सुरुवात त्याच्यापासून करायला हरकत नाही. पलीकडे धाराशिव तालुक्यात उपळा नावाचं गाव आहे. तिथे ग्रामपंचायतीच्या नोंदीत 32 एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. पूर्वी गावात लग्न निघालं की आधी माकडांना मान दिला जाई, मग पुढचा विधी होई. लवूळ आणि उपळा या दोन्ही गावांतलं जनावर माकडच आहे. एका गावाच्या गोष्टीत ते सूड घेणारी टोळी झालं, दुसऱ्या गावाच्या दप्तरात ते जमिनीचं मालक आहे. कुठलाही परदेशी ग्रंथ न उघडता या दोन गावांवर दोन उत्तम खेळ रचता येतील.

पण म्हणून वानराला नुसता गरीब, देवाचा प्राणी करूनही चालणार नाही. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ वानरांचा अभ्यास केला. नवा नर जुन्याला हुसकावून कळप ताब्यात घेतो आणि कळपातली तान्ही पिल्लं मारतो, हे त्याने नोंदवलं. हेही खेळात आलं पाहिजे. प्राणी जसा आहे तसा दाखवणं, त्याला सैतान न करणं आणि संतही न करणं, हाच खरा आदर.

इथे शिक्षक बसले आहेत, पालक आहेत, मागे मुलंही उभी आहेत. या सुट्टीत एक वही करा. एका पानावर एक प्राणी घ्या. आधी त्याचं खाणं, मग टोळी, मग तो केव्हा घाबरतो, केव्हा धमकावतो, केव्हा निघून जातो, हे लिहा. बळाचा आकडा सर्वांत शेवटी लिहा. वही भरली की सहा जण जमवा, फासे घ्या आणि खेळायला बसा. आज एपांच्या जवळजवळ सगळ्या जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. त्यांना वाचवण्याचे निर्णय उद्या याच वयाची मुलं मोठी होऊन घेणार आहेत, आणि त्यांनी ते खरा प्राणी ओळखून घ्यावेत, एवढीच माझी विनंती आहे.