ग्राहकाचा विश्वास आणि कंपनीची वही

(नांदेड व लातूर येथील ग्राहक कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, त्या वेळी ग्राहकाची फसवणूक प्रामुख्याने तराजूत आणि भेसळीत होत असे. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. तोच दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. वजन, माप, किंमत आणि दर्जा यांविषयी प्रश्न विचारण्याचे बळ त्या कायद्याने सामान्य माणसाला दिले. परंतु आजचा ग्राहक पैसे मोजून देतो, त्याखेरीज आणखी एक गोष्ट न मोजता देऊन येतो. ती म्हणजे स्वतःची माहिती. या व्यवहाराविषयी माझी काही मते आपल्यासमोर मांडावीत, एवढाच आजचा हेतू आहे.

ओळखीची वही

आपल्या गावच्या किराणा दुकानदाराकडे उधारीची वही असे. कोणत्या घरी महिन्याला किती तेल लागते, कोणाकडे लग्न निघाले आहे, कोणाची सुगी बुडाली आहे, हे सारे त्या वहीवरून कळत असे. लातूरच्या अडत बाजारात तूर, सोयाबीन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याची मिळकत अडत्याला घरच्यांइतकीच ठाऊक असते. तेव्हा आपली खासगी माहिती दुसऱ्याच्या हाती असणे, ही काही नवी गोष्ट नव्हे.

मग फरक कोठे पडला? ती वही कोणाकडे आहे, हे आपल्याला माहीत होते. ज्या कामासाठी माहिती दिली, बहुधा त्याच कामासाठी ती वापरली जाई. आणि कोणी विश्वासघात केलाच, तर चार माणसांत त्याला जाब विचारता येई. जुन्या काळी सारेच सचोटीने वागत होते, असे मी म्हणणार नाही. सावकाराच्या वहीने मराठवाड्यातील कित्येक जमिनी गिळल्या. म्हणून तर सावकारीवर कायद्याचे नियंत्रण आणावे लागले आणि २०१४ साली महाराष्ट्राला त्यासाठी नवा अधिनियम करावा लागला. ज्याच्या हाती वही असते, त्याच्या हाती सत्ता असते, हा अनुभव आपल्या समाजाने घेतलेला आहे. आज ती वही मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांकडे गेली आहे. तिचे पान आपल्याला दिसत नाही आणि ती लिहिणारा माणूस भेटत नाही.

फुकटाची किंमत

व्हॉट्सॲपचे उदाहरण घेऊ. या कंपनीला २०१४ साली फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेतले. वापरणाऱ्याकडून जवळजवळ काहीच न घेणाऱ्या सेवेला एवढे मोल का आले, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? २०१६ साली धोरण बदलले आणि व्हॉट्सॲपवरील काही माहिती फेसबुककडे जाऊ लागली. तेव्हा निदान नकार देण्याची मुभा होती. २०२१ च्या नव्या धोरणात तीही उरली नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने या प्रकरणी नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र माहितीच्या देवाणघेवाणीवर घातलेली पाच वर्षांची बंदी उठवली. संदेशातील मजकूर इतरांना वाचता येत नाही, हे खरे. परंतु आपण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलतो, ही माहितीदेखील व्यापारात मौल्यवान असते.

आता आपल्या घराकडे पाहू. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने दरवर्षी हजारो विद्यार्थी लातूरला येतात, नांदेडलाही वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी मोठी गर्दी असते. एखाद्या मोफत सराव परीक्षेचा अर्ज भरताना सोळा वर्षांचा मुलगा आपले गुण, प्रवर्ग, वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न आणि मोबाइल क्रमांक लिहून देतो. पुढे निकालाच्या सुमारास अनोळखी शहरांतून प्रवेश ‘मिळवून देणाऱ्यां’चे फोन सुरू होतात. कोरडवाहू शेतावर कर्ज काढून मुलाला शिकवणाऱ्या बापाची चिंता नेमकी कोणत्या शब्दांनी चाळवते, हे त्या फोन करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. क्रमांक तेथवर कसा गेला, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. घराघरांत पोहोचलेली बायजूज ही कंपनी २०२४ च्या जुलैमध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी शुल्काच्या परताव्याची चर्चा होते. पण कंपनी बुडाली, तर मुलांच्या नोंदी कोणाच्या स्वाधीन होणार, हा प्रश्न पालकांनी विचारला पाहिजे.

नीयत आणि कुलूप

कोणी म्हणेल, संस्था प्रामाणिक असली म्हणजे झाले. एवढे पुरेसे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. २०२१ च्या जानेवारीत नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे दुसऱ्या बँकेत असलेले खाते लक्ष्य झाले आणि १४ कोटींहून अधिक रुपये ऑनलाइन मार्गाने वळते करण्यात आले. सहकारी बँक हे परस्परविश्वासाचे प्रतीक होय. संचालक ओळखीचे, व्यवस्थापक गावातला. तरीही चोर आला, कारण तो दारातून आलाच नाही. म्हणून यापुढे नीयतीबरोबर कुलूपही तपासावे लागेल. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक संस्थेला ‘आमची माहिती सांभाळण्याची तुमची व्यवस्था काय?’ असे विचारणे हा अविश्वास नसून ग्राहकाचे कर्तव्य आहे.

कायद्याने काय दिले?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल व विधेयकाचा मसुदा सादर केला. बऱ्याच फेरबदलांनंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यासाठी त्या अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती स्पष्ट असावी, ती मागे घेता यावी, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी, अशा तरतुदी त्यात आहेत. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो.

हे स्वागतार्ह आहे. परंतु दोन उणिवा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. ज्याची माहिती फुटली, त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. आणि शासकीय यंत्रणांना विस्तृत सूट देण्याचा मार्ग त्यात मोकळा ठेवला आहे. शासन कोणत्याही पक्षाचे असो, नागरिकाच्या माहितीचा हिशेब त्यानेही दिला पाहिजे.

येथे ग्राहक चळवळीचे काम सुरू होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला उघड करणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरवली आहे. याची जाणीव किती जणांना आहे? जिल्हा आयोगाकडे या मुद्द्यावरही दाद मागता येते. मात्र तेथे एक अडसर आहे. विनामूल्य दिलेली सेवा या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे ज्या सेवा माहितीच्या मोबदल्यात चालतात, त्याच सेवांपुढे ग्राहक निःशस्त्र होतो. माझे आग्रहाचे मत असे की, ग्राहकाने दिलेली माहिती हेच मोल आहे. मोल दिले म्हणजे तो ग्राहक झाला, आणि ग्राहक झाला म्हणजे त्याला भरपाईचा हक्क आला. ही मागणी चळवळीने शासनापुढे ठामपणे मांडावी.

स्वदेशीची कसोटी

२०२० च्या जूनमध्ये ५९ चिनी ॲपवर बंदी आली, तेव्हा आपल्याला समाधान वाटले. २०२५ मध्ये ‘अरत्ताई’ या भारतीय ॲपचे मोठे स्वागत झाले. त्या वेळी पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही वाचता येऊ नये, अशी बंदिस्त व्यवस्था त्यातील संभाषणाला होती, लिखित संदेशांना नव्हती. लोकांनी प्रश्न विचारले आणि कंपनीने ती उणीव दूर करण्याचे मान्य केले. मला यात स्वदेशीचे खरे बळ दिसते. आपल्या उद्योगाला आपण अधिक कठोर प्रश्न विचारावेत, कारण तो आपला आहे. विदेशी कंपनीने माहिती विकली तर अन्याय आणि देशी कंपनीने विकली तर व्यवहार, असा दुहेरी न्याय आपल्याला शोभणार नाही.

आरंभ आपल्यापासून

शेवटी आपल्याच कामाविषयी. गणेश मंडळे, पतसंस्था, शाळा, रक्तदान शिबिरे, गृहनिर्माण संस्था या सर्वांकडे नावांच्या याद्या असतात. रक्तगट, वय, पत्ता, मोबाइल क्रमांक असलेली यादी समूहावर टाकण्यापूर्वी त्या माणसांना विचारले पाहिजे. आधारची प्रत खरोखर आवश्यक आहे काय, ते पाहावे. केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते, बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते. काम संपल्यावर अर्ज रद्दीत न घालता नष्ट करावेत. मुलांचे अर्ज भरताना वडीलधाऱ्यांनी शेजारी बसावे आणि अनावश्यक रकाने रिकामे सोडावेत. पैसे गेल्यास संकोच न करता त्याच तासाला १९३० या क्रमांकावर कळवावे. ग्राहक म्हणून तक्रार असल्यास १९१५ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आहे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील प्रत्येक तालुक्यात दोन कार्यकर्त्यांनी हा विषय समजून घ्यावा आणि येत्या प्रवेशांच्या हंगामापूर्वी पालकांच्या बैठका घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. तराजूकडे पाहायला ग्राहकाला शिकवण्यात आपल्या चळवळीची अनेक वर्षे गेली. आता न दिसणाऱ्या वहीविषयी बोलायला त्याला शिकवायचे आहे. हे काम आपण हाती घ्याल, असा विश्वास व्यक्त करतो आणि थांबतो.