क्षमा, माफी आणि ‘चुकलो’
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दहा मिनिटे बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही आयुष्यभर हाती खडू धरला. विद्वत्तेचा आमचा दावा नाही. तेव्हा रोजच्या तोंडी असलेल्या दोन-चार शब्दांविषयीच बोलावे असे योजिले आहे.

‘क्षमा’ हा शब्द संस्कृत ‘क्षम्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ सोसणे. पृथ्वीसही क्षमा म्हणतात. म्हणजे क्षमा करणाराने आधी काही सोसले आहे, हे त्या शब्दातच गृहीत आहे. ‘माफी’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला आणि दफ्तरात वाढलेला शब्द. सारा माफ होतो, दंड माफ होतो. आमच्या विद्यार्थिदशेत फी-माफीस नादारी म्हणत. तो अर्ज लिहिताना आम्ही गुरुजींना विचारले होते, “आम्ही अपराध कोणता केला म्हणून माफी मागावयाची?” गुरुजी हसले. “अरे, ही येणे सोडून देण्याची माफी,” असे ते म्हणाले. कोर्टातील माफीचा साक्षीदार आणखी निराळा. त्यास माफी मिळते ती पश्चात्तापाबद्दल नव्हे, साक्षीबद्दल.

आमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांपैकी एकही शब्द वापरीत नसत. ‘लेकराला पदरात घ्या, अपराध पोटात घाला,’ असे त्या म्हणत. व्यापारी मंडळी हिशेबाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहीत; तेथे चूक कोणाचीही निघो, देणे आणि घेणे दोन्ही बाजूंस सारखेच.

आता मुख्य गोष्ट. वाळीत टाकण्यास बंदी करणारा कायदा मुंबई प्रांतात १९४९ साली झाला. तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरविला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा महाराष्ट्रात २०१६ साली झाला. ही हकीकत मधल्या काळातील आहे. एका गावी आपल्या ज्ञातीतील एका मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला. पंचांनी वडिलांकडून माफीपत्र मागितले. आमचे अक्षर वळणदार, म्हणून मसुदा लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही लिहिले: ‘घडल्या अपराधाबद्दल ज्ञातीने उदार अंतःकरणाने क्षमा करावी.’ ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. वडिलांनी ते उभे राहून वाचले. ‘अपराध’ या शब्दापाशी ते थांबले, आमच्याकडे पाहिले, आणि पुढे वाचू लागले. त्या लग्नापायी ज्ञातीने काय सोसले होते? काहीच नाही. सोसत होते ते वाचणारे. क्षमा या शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात शिकवीत होतो, आणि तेथे तो उलटा लिहून दिला.

ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांची कन्या या शहरात असते असे ऐकतो. स्मरणिका घरोघर जाते, कदाचित तिच्याही हाती पडेल. मंडळाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही, म्हणून येथे ‘आम्ही’ म्हणजे केवळ प्रस्तुत वक्ता. क्षमा करावी असेही म्हणवत नाही, कारण तो पुन्हा तुझ्यावरच भार.

ताई, तो कागद आम्ही लिहिला. आम्ही चुकलो.