तीन दिवसांचा शिधा



इंग्लंडच्या दक्षिण भागात सॉल्झबरी नावाचं एक टुमदार शहर आहे. तिथल्या कॅथीड्रलचा मनोरा ब्रिटनमध्ये सर्वांत उंच, आणि तो पाहायला जगभरातून लोक येतात. अशा शहरात कुणाची मुलं उपाशी झोपत असतील हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिथे राहणाऱ्या पॅडी आणि कॅरल हेंडरसन या जोडप्याच्याही नव्हतं. कॅरलच्या आई बेटी ट्रसेल यांनी मागे ठेवलेल्या पैशांतून या दोघांनी १९९७ मध्ये ट्रसेल ट्रस्ट ही संस्था काढली होती. तिचं काम चालायचं दूर बल्गेरियात, सोफियाच्या रेल्वे स्टेशनवर झोपणाऱ्या मुलांसाठी. त्या कामासाठी सॉल्झबरीत देणग्या गोळा करणं चालू असताना २००० साली पॅडींना एका बाईचा फोन आला. बाई त्यांच्याच शहरातली होती. माझी मुलं आज रात्री उपाशी झोपणार आहेत, तुम्ही त्याचं काय करणार आहात, असं तिनं विचारलं.

पॅडींनी चौकशी केली तेव्हा अशी घरं एकदोन निघाली नाहीत. कुणाची नोकरी अचानक सुटलेली, कुणाचा सरकारी भत्ता कागदपत्रांत अडकलेला, कुठे आजारपण, कुठे नवरा घर सोडून गेलेला. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची भिकेला लागलेली नव्हती. कालपर्यंत त्यांचा संसार चालला होता, आणि पुढचा पगार किंवा भत्ता हातात येईपर्यंतचे चार दिवस काढायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. हेंडरसन पतिपत्नींनी आपल्या बागेतल्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये अन्नाचे डबे साठवायला सुरुवात केली. ती सॉल्झबरीची फूड बँक. २००४ पासून त्यांनी इतर गावांतल्या चर्चना ही पद्धत शिकवायला घेतली. आज ट्रसेलच्या जाळ्यातली चौदाशेच्या आसपास केंद्रं ब्रिटनभर आहेत, आणि त्याबाहेर स्वतंत्रपणे चालणाऱ्या फूड बँका आणखी कितीतरी.

हे काम चर्चनंच का उचललं? तर चर्चकडे एक सभागृह असतं, आणि रविवार सोडला की ते बरेचदा रिकामं असतं. निवृत्त माणसं असतात, त्यांच्याकडे वेळ असतो. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे सुगीचा उपासनाविधी होतो, तेव्हा घरटी काहीतरी खायचं आणून वेदीपाशी ठेवायची जुनी रीत आहे. पूर्वी भाज्या, फळं, पाव असायचे. आता शाळेतली मुलंसुद्धा सूपचे आणि बीन्सचे डबे घेऊन येतात, आणि ते थेट फूड बँकेत जातात. म्हणजे जागा, माणसं आणि देण्याची सवय या तिन्ही गोष्टी तिथे आधीच होत्या.

इंग्लंडमध्ये राहत असताना अशाच एका चर्चच्या सभागृहात मी काम करत असे. मी ख्रिस्ती नाही, आणि तिथे मला त्याबद्दल कुणी कधी विचारलंही नाही. त्या कामाची पद्धत मला सांगावीशी वाटते, कारण देणाऱ्यानं कसं द्यावं हे मी तिथे शिकले.

दारात आलेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक चिठ्ठी असते, हल्ली फोनवर आलेला एक क्रमांक. ती चिठ्ठी डॉक्टर देतात, शाळेतल्या बाई देतात, नव्या बाळंतिणीकडे जाणारी परिचारिका देते, किंवा लोकांना मोफत कायदेशीर सल्ला देणारं केंद्र देतं. त्यावर घरात किती मोठी माणसं, किती मुलं, आणि अडचण कशामुळे आली एवढंच असतं. धर्माचा रकाना नसतो. आपल्याकडे काहींच्या मनात लगेच शंका येते, की चर्चनं भाकरी दिली म्हणजे मागोमाग बाप्तिस्मा आलाच. शंका येण्याला इतिहास आहे, मी ती उडवून लावत नाही. पण मी जे पाहिलं त्यात हिजाब घातलेल्या बाया होत्या, पगडी बांधलेले आजोबा होते, कुठल्याच देवाला न मानणारे तर पुष्कळच होते. कुणी आपणहून म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर तिथली एखादी आजी शेजारी बसून दोन मिनिटं प्रार्थना करायची. नाही म्हटलं तर चहा ओतायची. अन्नाला अट घातली की ते दान उरत नाही, हे तिथल्या पाद्र्यांना पक्कं ठाऊक होतं.

माणूस आत आला की आधी त्याला बसवायचं. चहा, बिस्किटं. मग एकजण यादी घेऊन शेजारी बसतो. शाकाहारी आहात का, हलाल लागतं का, कुणाला शेंगदाणा चालत नाही का, लहान बाळ आहे का, असेल तर लंगोट कोणत्या मापाचे. आणि मग एक प्रश्न, जो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कळलाच नव्हता: तुमच्याकडे शिजवायला काय आहे? कारण अनेक घरांत वीज आणि गॅसचे मीटर आधी पैसे भरायचे असतात. पैसे संपले की शेगडी बंद. काहींच्या खोलीत फक्त पाणी उकळायची किटली असते. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी भरावी लागते: पाकिटातलं सूप, झटपट नूडल्स, गरम पाण्यात होणारे ओट्स. ज्यांच्याकडे किटलीही नाही त्यांच्यासाठी नुसते उघडून खायचे पदार्थ, आणि डबेही कडी ओढून उघडणारे, कारण डबा उघडायचं यंत्र घरात असेलच असं नाही. २०२२ मध्ये तिकडे विजेचे आणि गॅसचे दर भडकले, तेव्हा फूड बँकेत येणारे काही लोक बटाटे नाकारत होते, कारण बटाटे उकडण्याइतका गॅस परवडत नव्हता. एका मोठ्या सुपरमार्केटच्या प्रमुखांनी हे जाहीरपणे सांगितलं तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली.

मागच्या खोलीत दुसरं काम चालू असतं. आलेला प्रत्येक डबा तोलला जातो. त्यावरची तारीख बारीक अक्षरात असते, ती जाड पेनानं मोठी लिहून काढतात आणि महिन्यावार खोके लावतात. ज्याची तारीख आधी संपते ते आधी बाहेर. पिशवीत घरातल्या प्रत्येकाला निदान तीन दिवस पुरेल असा शिधा असतो: ओट्स किंवा सीरिअल, पास्ता, तांदूळ, टोमॅटोचा सॉस, डाळी-कडधान्यं, मासळीचे किंवा मांसाचे डबे, डबाबंद भाज्या आणि फळं, टिकाऊ दूध, चहा, बिस्किटं. साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅडही. अनेक ठिकाणी हे सगळं नेहमीच्या सुपरमार्केटच्या पिशव्यांत भरतात, म्हणजे रस्त्यानं जाताना शेजाऱ्यापाजाऱ्याला वाटावं, बाजार करून आले. मला या एका गोष्टीचं फार मोल वाटतं. पोट भरण्याची सोय करताना मान खाली जाऊ नये, एवढा विचार कुणीतरी आधी करून ठेवलेला असतो.

चिठ्ठीची पद्धत मला बरेच दिवस खटकत होती. आपल्या अन्नछत्रात कुणी चिठ्ठी मागत नाही. ब्रिटनमधल्या गुरुद्वारांत जाऊन बसा, पंगतीत वाढलं जातं; तुम्ही कोण, कशाला आलात, कुणी विचारत नाही. मग उपाशी माणसाला आधी डॉक्टरकडे किंवा शाळेत जाऊन आपली अडचण सांगायला का लावायचं? पुढे लक्षात आलं की चिठ्ठीमुळे त्या घराची अडचण आणखी एका जबाबदार माणसाला कळते, आणि ती अन्नाशी थांबत नाही. कर्ज आहे का, भत्त्याचा अर्ज चुकलाय का, घरमालक बाहेर काढतोय का, याकडे कुणीतरी पाहतं. तरीही चिठ्ठी नसलेला माणूस दारात उभा राहिला, तर त्याला रिकाम्या हातानं परत पाठवू नये, असंच माझं मत आहे. आम्ही पाठवत नव्हतो.

आता आकडे. २००८-०९ या वर्षात ट्रसेलच्या फूड बँकांनी सुमारे २६ हजार लोकांना अन्न दिलं. पाच वर्षांनी, २०१३-१४ मध्ये, ही संख्या नऊ लाखांवर गेली. २०२३-२४ मध्ये वाटलेल्या शिध्यांची संख्या ३१ लाखांहून अधिक झाली, आणि त्यातले ११ लाखांहून अधिक मुलांसाठी होते. पुढच्या वर्षी ती थोडी उतरली, तरी २९ लाखांच्या आसपास राहिली. एकाच घराला दोनतीनदा शिधा लागतो, म्हणून ही माणसांची शिरगणती धरायची नाही. पण जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी एका देशातली ही गोष्ट आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

तिथे दुष्काळ पडलेला नाही. दुकानं भरलेली आहेत. कमी पडतो तो पैसा, आणि तो का कमी पडतो याची कारणं कागदावर दिसतात. युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा तिकडचा मुख्य भत्ता आहे. अर्ज केल्यापासून पहिले पैसे मिळायला साधारण पाच आठवडे लागतात. मधल्या काळात उचल मिळते, पण ती पुढच्या भत्त्यातून कापून घेतात. म्हणजे सुरुवातच कर्जानं. २०१७ पासून आणखी एक नियम होता: त्या वर्षीच्या ६ एप्रिलला किंवा त्यानंतर जन्मलेलं तिसरं किंवा त्यापुढचं मूल भत्त्याच्या हिशेबात, मोजके अपवाद सोडले तर, धरायचं नाही. मूल जेवायचं ते जेवतंच. हिशेबात नसलं म्हणून त्याची भूक कमी होत नाही.

इथे चर्चनं जे केलं त्याचा मला विशेष आदर वाटतो. पिशव्या वाटून पुण्य लागलं म्हणून ते गप्प बसले नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारीत सत्तावीस अँग्लिकन बिशपांनी एका वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारला भुकेबद्दल जाब विचारला. त्याच वर्षाच्या अखेरीस कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी लिहिलं की काँगोतल्या छावण्यांत पाहिलेल्या हालांपेक्षा ब्रिटनमधल्या एका फूड बँकेत भेटलेल्या कुटुंबानं त्यांना जास्त हादरवलं, कारण आपल्या देशात हे दिसेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. डरहॅमचे तेव्हाचे बिशप पॉल बटलर यांनी २०२२ मध्ये दोन मुलांची ती मर्यादा काढून टाकण्यासाठी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विधेयक आणलं. ते विधेयक कायदा झालं नाही, पण विषय जिवंत राहिला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारनं ती मर्यादा रद्द करण्याची घोषणा केली. ज्यांनी रोज पिशव्या भरल्या त्यांच्याच तोंडी तो प्रश्न शोभला. फूड बँक चालवणाऱ्या कित्येकांकडून मी ऐकलं आहे की आपली गरजच उरू नये, हेच त्यांना हवं आहे. त्यांचं ते म्हणणं मनापासूनचं आहे.

श्रोतेहो, आता आपल्या लोकांबद्दल. महाराष्ट्रातून शिकायला ब्रिटनला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे. शेतावर, घरावर कर्ज काढून आईवडील पाठवतात. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना बहुधा आठवड्याला वीस तासच काम करता येतं, घरभाडं प्रचंड, आणि व्हिसावर अट असते की सरकारी भत्ते मिळणार नाहीत. काम सुटलं की दोन आठवड्यांत हात रिकामे होतात. आमच्या सभागृहात एकदा एक मुलगी कोपऱ्यात फोनवर मराठीत बोलत होती. हो आई, जेवले, वरणभात केला होता, असं सांगत होती. तिच्या पायाशी पिशवी होती. मी मराठीत हाक मारली तर ती ओशाळली, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. पिशवीत तांदूळ आणि मसूर जास्तीचे घातले.

अनेक मुलांना भीती वाटते की फूड बँकेत गेलो तर व्हिसा जाईल. ही भीती खरी नाही. व्हिसावरची अट सरकारी भत्त्यांपुरती आहे. चर्चनं किंवा धर्मादाय संस्थेनं दिलेलं अन्न त्यात मोडत नाही. जवळची फूड बँक, विद्यापीठाचं विद्यार्थी सहाय्य केंद्र, गुरुद्वारा, यांपैकी कुठेही जाता येतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तेव्हा ज्यांचं मूल तिकडे आहे त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा जेवलास का एवढंच विचारू नका. काम चालू आहे का, भाडं भरलंस का, हेही विचारा, आणि अडलं तर कुठे जायचं ते त्याला सांगून ठेवा. आणि तिकडे ज्यांचं बरं चाललं आहे अशा मराठी घरांना सांगते: गणपतीत, दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना दोन डबे घेऊन जा, ते गोळा करून जवळच्या फूड बँकेत पोचवा. बीन्स आणि पास्ता त्यांच्याकडे भरपूर असतो. आधी फोन करून काय कमी आहे ते विचारा. बहुधा टिकाऊ दूध, डबाबंद मासळी, फळं आणि लंगोट सांगतील. तेच न्या.