अर्ध्या मिलिमीटरची किंमत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी पाककृती, हळदीकुंकू किंवा बचत यांविषयी बोलण्याचा आपला प्रघात आहे. मी मात्र गरोदरपणातील पहिल्या मोठ्या सोनोग्राफीचा विषय घेतला आहे. मी डॉक्टर नव्हे की नर्स नव्हे. शाळा सातवीपर्यंत झालेली. परंतु लेकीसुनांबरोबर दवाखान्यात जाऊन बसतो त्या आपणच, आणि रिपोर्ट हाती आला की घरात पहिला शब्द निघतो तोही आपलाच. तो शब्द जाणतेपणाने निघावा, एवढाच माझा हेतू.

ही तपासणी ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवस होईपर्यंतच करावयाची असते. तीत दोन मापे मुख्य. पहिले, बाळाची डोक्यापासून बैठकीपर्यंतची लांबी. रिपोर्टात तिला सी.आर.एल. म्हणतात. ग्लासगो येथे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातील बाळाची अशी चित्रे प्रसिद्ध केली, आणि त्याच शहरात डॉ. रॉबिन्सन यांनी १९७३ साली या लांबीवरून गर्भाचे दिवस ठरविण्याची रीत दाखवून दिली.

दुसरे माप एन.टी.चे. बाळाच्या मानेमागे कातडीखाली थोडे पाणी असते, त्याची ही जाडी. ती फार असेल तर हृदयाची व्याधी असण्याचा संभव वाढतो; डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाचाही संभव वाढतो, हे लंडनच्या डॉ. निकोलायडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडले.

आता हे माप केवढे, ते पाहा. बाळ ४५ मिलिमीटरचे असताना १०० पैकी ९५ बाळांत ही जाडी २.१ मिलिमीटरच्या आत असते; ८४ मिलिमीटरचे झाल्यावर २.७ च्या आत. म्हणजे सगळा फरक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा! म्हणूनच लांबी चुकली की मानेचा हिशेबही चुकतो. आणि चित्र नीट नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही.

चित्र नीट म्हणजे कसे? बाळ बरोबर एका कुशीने, नाकाचे टोक दिसेल असे हवे. डोके व छातीचा वरचा भाग एवढ्यानेच पडदा भरला पाहिजे. लहान चित्रावर मापाची फुली जराशी सरकली तरी आकडा बदलतो. मान सरळ हवी. बाळाने मान मागे टाकली असेल तर माप उगाच वाढते, आणि हनुवटी छातीला टेकविली असेल तर कमी भरते.

उजेडाचेही तसेच. यंत्रावर गेन म्हणून बटण असते. ते फार वाढविले की रेघा जाड व पुसट होतात. रांगोळीच्या दोन रेघा जाड काढल्या तर मधली जागा अरुंद दिसते ना? तसेच येथे माप कमी येते, आणि खरा इशारा निसटून जातो. यास्तव गेन कमी करून, रेघा बारीक ठेवून मोजतात. हार्मोनिक नावाची सोयही रेघा जाड करते, म्हणून ती या मापापुरती बंद ठेवणे बरे. फुल्या ठेवायच्या त्या रेघांच्या आतल्या काठावर, जागा सर्वांत रुंद असेल तेथे. शिवणकामात माप शिवणीच्या आतून घ्यायचे की बाहेरून, यावर पोलक्याचा घेर ठरतो, हे आपणांस सांगायला नको. शिवाय बाळाची कातडी आणि भोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा पडदा यांची गल्लत होऊ नये म्हणून बाळ हलेपर्यंत थांबावे लागते. माप एकदा घेऊन भागत नाही. दोनतीनदा घेऊन, नीट आलेल्यांतील मोठे धरतात.

माझ्या भाचीचे उदाहरण सांगते. एका ठिकाणी घाईच्या तपासणीत एन.टी. ३ मिलिमीटर आले. घरात रडारड झाली, आणि "आताच मोकळी हो" असेही कोणी बोलून गेले. सुदैवाने तिच्या प्रसूतितज्ज्ञ बाईंनी ते चित्र पाहिले. बाळाची मान मागे टाकलेली होती. दुसऱ्या दिवशी अन्य ठिकाणी, बाळाने कूस पालटेपर्यंत अर्धा तास थांबून मोजले, तेव्हा १.८ भरले. रक्ताचा अहवालही चांगला आला.

सर्वांचेच असे होते असे नाही. पुन्हा मोजूनही जाडी अधिकच निघाली, तर ते झाकून ठेवू नये. पण ही तपासणी चाळणी आहे, निकाल नव्हे. एन.टी., आईचे वय व रक्ताची डबल मार्कर तपासणी एकत्र केली तर डाऊन सिंड्रोमच्या १०० पैकी सुमारे ९० बाळांचा सुगावा लागतो. त्याचबरोबर दोष नसलेल्या १०० गर्भांमागे सुमारे ५ जणींनाही धोक्याचा निरोप जातो. "२५० त १" असे लिहिले असेल, तर तशा २५० जणींपैकी २४९ जणींच्या बाळाला तो दोष नसतो. खात्री करायची ती वारेचा किंवा गर्भजलाचा नमुना तपासून. त्याआधी स्वयंपाकघरात बसून कोणताही निर्णय करू नये.

तेव्हा भगिनींनो, पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. बाराव्या आठवड्याची वेळ आधीच घ्या. बाळ नीट वळले नाही म्हणून "जरा फिरून या" असे सांगितले, तर कुरकुर करू नका. ते आपल्याच हिताचे आहे. रिपोर्टात दोन्ही मापे व चित्र आहे ना, ते पाहा आणि शंका असेल तर पुन्हा मोजण्याची विनंती करा. मुलगा की मुलगी हे मात्र विचारू नका. महाराष्ट्राने १९८८ साली व देशाने १९९४ साली त्याविरुद्ध कायदा केलेला आहे.

सुनेच्या हाती कागद असतो, पण ती बघते आपल्या चेहऱ्याकडे. त्या वेळी तिला धीर देणारी बाई प्रत्येक घरात असावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.